छायाचित्राचा ‘मुक्काम’ : कॅमेऱ्याच्या जीपीएस जोडसाधनाचा इतिहास आणि ऐतिहासिक पुरावा म्हणून स्थळनोंदीची चिकित्सा

सारांश

छायाचित्र हे आधुनिक इतिहासलेखनाचे महत्त्वाचे साधन आहे. तथापि छायाचित्र कोठे घेतले, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ छायाचित्राच्या बाहेर, म्हणजे टिपणवहीत, निगेटिव्हच्या पाकिटावर किंवा मुद्रित सूचीत शोधावे लागत असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅमेऱ्याला जोडता येणारी जीपीएस साधने बाजारात आली आणि अक्षांश-रेखांशांची नोंद थेट छायाचित्राच्या फाइलमध्ये होऊ लागली. प्रस्तुत निबंधात या जोडसाधनांचा अल्प इतिहास मांडून, त्यांनी केलेली नोंद पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावी याची चिकित्सा केली आहे. जिओटॅग हा कॅमेऱ्याच्या जागेचा पुरावा आहे, चित्रविषयाच्या ओळखीचा नव्हे. म्हणून लेखी टिपणाची गरज त्यामुळे संपत नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : छायाचित्र, जीपीएस, जिओटॅग, एक्झिफ, साधनचिकित्सा, पुरातत्त्वीय दस्तऐवजीकरण.

१. प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या पत्रातील ‘मुक्काम’ या शब्दाचे मोल सांगावयास नको. पत्रातील मजकूर कितीही मोलाचा असला तरी ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या मुक्कामाहून लिहिले हे कळल्याखेरीज त्याचा उपयोग मर्यादितच राहतो. तिथी आणि मुक्काम हाती आला की सैन्याच्या हालचाली, वाटाघाटींचा क्रम आणि बातमी पोहोचण्यास लागलेला काळ यांचा मेळ घालता येतो. मुक्काम नसलेले पत्र अस्सल असूनही पुष्कळदा अधांतरी राहते.

छायाचित्राची स्थिती याहून वेगळी नाही. एखाद्या भग्न मंदिराचे, वीरगळाचे किंवा गावच्या वेशीचे जुने छायाचित्र संग्रहात सापडते. चित्र स्पष्ट असते, कोरीव काम मोजता येईल इतके ठळक असते. पण पाठीमागे एक शब्दही लिहिलेला नसतो. अशा वेळी अभ्यासकाजवळ वास्तूचे रूप असते, वास्तू नसते. डिजिटल कॅमेऱ्याच्या आगमनानंतर ही अडचण कमी होण्याऐवजी वाढली. एका दिवसात शेकडो छायाचित्रे घेता येऊ लागली, फाइलींना कॅमेऱ्याने दिलेले अनुक्रमांक तेवढे उरले आणि पाठीमागे लिहिण्यासाठी कागदच राहिला नाही. जीपीएस जोडसाधनाचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) छायाचित्राला स्थळाची नोंद जोडण्याच्या प्रथेचा थोडक्यात आढावा घेणे, (आ) कॅमेऱ्याच्या जीपीएस जोडसाधनांचा उदय, कार्यपद्धती आणि ऱ्हास स्पष्ट करणे, (इ) इतिहासाच्या साधनचिकित्सेचे निकष जिओटॅगला लावून पाहणे, (ई) महाराष्ट्रातील स्थळांच्या संदर्भात त्याची उपयुक्तता आणि मर्यादा निश्चित करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक आणि विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘जिओटॅग’, ‘जीपीएस’, ‘मेटाडेटा’ हे शब्द मराठीत रूढ झाल्यामुळे ते तसेच ठेवले आहेत. ‘जोडसाधन’ ही संज्ञा कॅमेऱ्याच्या बाहेरून जोडल्या जाणाऱ्या किंवा त्याच्यासोबत बाळगल्या जाणाऱ्या उपकरणासाठी वापरली आहे.

३. जोडसाधनापूर्वीची स्थळनोंद

पश्चिम भारतात छायाचित्रणाला लवकर चालना मिळाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या ७४ छायाचित्रांसह जेम्स फर्ग्युसन यांचा भारतातील शैलगृहांवरील ग्रंथ १८६४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. गिल यांनी रंगविलेल्या अनेक प्रतिकृती १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. त्यामुळे नंतरच्या काळात छायाचित्रासारख्या नोंदीचे महत्त्व अधिकच जाणवले.

त्यानंतर जेम्स बर्जेस यांच्या नेतृत्वाखाली पश्चिम भारताची पुरातत्त्वीय पाहणी सुरू झाली. हेन्री कझिन्स यांनी सिद्ध केलेली मुंबई इलाख्यातील पुरावशेषांची सुधारित सूची १८९७ मध्ये प्रकाशित झाली. या सूचींची मांडणी जिल्हा आणि तालुका यांनुसार केलेली आहे. लहान गावाचे स्थान सांगताना तालुक्याच्या किंवा परिचित गावापासूनचे मैलांतील अंतर आणि दिशा देण्याची पद्धत होती. म्हणजेच स्थळाची ओळख दुसऱ्या स्थळाच्या आधाराने होत असे. ही पद्धत सोयीची होती, कारण वाचकाला तालुका ठाऊक असे. परंतु संदर्भाचे गाव, तालुक्याची हद्द किंवा गावाचे नाव बदलले की नोंदीचा आधारही हलत असे.

अक्षांश-रेखांशांचे ज्ञान त्या काळी नव्हते असे मुळीच नाही. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला होता. तथापि भूमापन करणारा थिओडोलाइट आणि वास्तूचे चित्र घेणारा कॅमेरा ही दोन स्वतंत्र साधने होती. ती वेगवेगळ्या खात्यांच्या हाती होती आणि त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत जात. नकाशावर स्थान असे, छायाचित्रात रूप असे. या दोहोंची सांगड घालण्याचे काम टिपणवहीवर आणि माणसाच्या स्मरणावर सोपविलेले होते.

हीच स्थिती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘डिग्री कन्फ्लुअन्स’ प्रकल्पात सहभागी होणारे हौशी लोक पूर्णांक अक्षांश आणि रेखांश जेथे छेदतात त्या बिंदूवर हातातील जीपीएस घेऊन जात, तेथील छायाचित्र काढत आणि वृत्तांत लिहीत. येथे स्थान आणि छायाचित्र एकत्र आले होते. पण त्यांना जोडणारा दुवा अद्याप माणूसच होता.

४. उपग्रहापासून कॅमेऱ्यापर्यंत

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये जीपीएसचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७८ मध्ये या मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. सप्टेंबर १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेल्यावर पाडले गेले. त्यानंतर ही व्यवस्था नागरी वापरासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. १९९५ मध्ये २४ उपग्रहांची व्यवस्था पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याची घोषणा झाली. मात्र नागरी वापरकर्त्यांना मिळणाऱ्या संकेतात लष्करी कारणास्तव मुद्दाम अशुद्धी मिसळली जात असे. त्यामुळे मिळणारे स्थान १०० मीटरपर्यंत चुकू शके. वेरूळच्या लेण्यांसमोर उभे राहून १०० मीटरची चूक होणे म्हणजे एका लेण्याऐवजी भलत्याच लेण्याची नोंद होणे होय. २ मे २००० रोजी ही कृत्रिम अशुद्धी बंद करण्यात आली आणि साध्या उपकरणालाही मोकळ्या आकाशाखाली १०-१५ मीटरच्या आतबाहेर स्थान मिळू लागले. छायाचित्राच्या स्थळनोंदीच्या इतिहासात ही तारीख निर्णायक मानावी लागते.

दुसरी पूर्वतयारी कॅमेऱ्याच्या बाजूने झाली. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये ‘एक्झिफ’ या मानकाची पहिली आवृत्ती तयार केली. छायाचित्राच्या फाइलमध्येच दिनांक, वेळ, छिद्रमान इत्यादी तपशील साठविण्याची ही एक ठरावीक रीत होय. पुढील आवृत्तींत जीपीएसच्या नोंदींसाठी स्वतंत्र विभाग देण्यात आला. त्यात अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, उपग्रहाकडून मिळालेली वेळ, कॅमेऱ्याची दिशा, वापरलेला भूमापन-आधार इतकेच नव्हे, तर चित्रातील लक्ष्यस्थळाचे अक्षांश-रेखांश यांसाठीही वेगळे रकाने आहेत. कॅमेऱ्याचे स्थान आणि लक्ष्याचे स्थान हे दोन भिन्न विषय आहेत, हे मानक तयार करणाऱ्यांनी ओळखले होते. प्रत्यक्षात मात्र लक्ष्यस्थळाचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहिला.

५. जोडसाधनांचे दोन मार्ग

कॅमेरा आणि जीपीएस यांना एकत्र आणण्याचे दोन मार्ग या दशकात पुढे आले. दोहोंतील फरक इतिहासाच्या अभ्यासकाने समजून घेतला पाहिजे, कारण त्यांच्यात होणाऱ्या चुका भिन्न आहेत.

पहिला मार्ग प्रत्यक्ष जोडणीचा. निकॉन कंपनीच्या डी२एक्स (२००४) आणि डी२०० (२००५) या कॅमेऱ्यांना एमसी-३५ या केबलने हातातील जीपीएस जोडता येत असे. दोहोंमधील संवाद एनएमइए ०१८३ या भाषेत होई. ही रीत मुळात नौकांवरील इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी निर्माण झाली होती. गळ्यात कॅमेरा, हातात किंवा पट्ट्याला जीपीएस आणि मध्ये लोंबणारी केबल, असा हा थाट होता. ऑगस्ट २००८ मध्ये डी९० कॅमेऱ्यासोबत आलेल्या जीपी-१ या साधनाने तो सुटसुटीत केला. फ्लॅश बसविण्याच्या खाचेत ही लहान डबी बसे, आखूड तारेने कॅमेऱ्याला जोडली जाई आणि कॅमेऱ्याच्याच बॅटरीवर चाले. तिच्यावरील दिव्याचा रंग नोंदीची अवस्था सांगत असे : लुकलुकणारा तांबडा म्हणजे स्थान मिळालेले नाही, लुकलुकणारा हिरवा म्हणजे तीन उपग्रह आणि स्थिर हिरवा म्हणजे चार किंवा अधिक. या साधनात होकायंत्र नव्हते. स्थान कळे, कॅमेरा कोणीकडे रोखला आहे ते कळत नसे. कॅननने २०१२ मध्ये आणलेल्या जीपी-ई२ या साधनात होकायंत्राचा समावेश झाला आणि दिशेची नोंदही शक्य झाली.

दुसरा मार्ग अप्रत्यक्ष जुळणीचा. सोनीने २००६ मध्ये आणलेले जीपीएस-सीएस१ हे साधन कॅमेऱ्याला जोडावेच लागत नसे. पिशवीला अडकविलेली ही नळकांडी दर १५ सेकंदांनी स्वतःचे स्थान आणि वेळ टिपून ठेवी. घरी आल्यावर संगणकावरील प्रणाली छायाचित्राची वेळ आणि साधनातील वेळ यांची तुलना करून प्रत्येक चित्राला स्थान बहाल करी. येथे जुळणीचा सगळा भार कॅमेऱ्याच्या घड्याळावर होता.

दोन्ही मार्गांत एक व्यावहारिक अट समान होती. उपग्रहाचा संकेत अतिशय मंद गतीने, सेकंदाला ५० बिट या वेगाने येतो. उपग्रहाच्या कक्षेचा आवश्यक तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होतो, तर सर्व उपग्रहांची पंचांगवजा माहिती पूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. म्हणूनच दीर्घ काळ बंद असलेले साधन सुरू करून लगेच छायाचित्र घेतले तर त्यात स्थळनोंद नसण्याची शक्यता मोठी असे. घाईत असलेल्या छायाचित्रकाराला ही प्रतीक्षा खटके. परंतु ती न केल्याची किंमत पुढील अभ्यासक मोजतो.

६. जिओटॅगची साधनचिकित्सा

इतिहासाच्या कोणत्याही साधनाप्रमाणे जिओटॅगचेही बहिरंग आणि अंतरंग परीक्षण करावे लागते. यंत्राने केलेली नोंद म्हणून ती निःशंक मानणे योग्य नाही.

*६.१ स्थान कोणाचे?* जिओटॅग कॅमेऱ्याचे किंवा त्याच्याजवळील साधनाचे स्थान सांगतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून समोरच्या तोरण्याचे छायाचित्र घेतले तर जिओटॅग राजगडाचा पडतो. नकाशावर हे छायाचित्र राजगडाच्या ठिकाणी दिसेल आणि चित्रात मात्र तोरणा असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु टिपण नसेल तर डोंगरांची ओळख नसलेला वाचक तोरण्यालाच राजगड समजेल. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘जिओग्राफ’ प्रकल्पात चित्रविषयाचे स्थान आणि छायाचित्रकाराचे स्थान यांची वेगवेगळी नोंद ठेवली जाते. ही शिस्त अनुकरणीय आहे.

*६.२ वेळ कोणती?* जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते, तर कॅमेऱ्याचे घड्याळ सामान्यतः स्थानिक वेळेवर लावलेले असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. शुहूर सनाचा इसवी सनाशी मेळ घालताना जंत्री जवळ असावी लागते, तसाच हा हिशेब जवळ असावा लागतो. अप्रत्यक्ष जुळणीत कॅमेऱ्याचे घड्याळ एका मिनिटाने चुकले आणि वाहन ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर स्थळ सुमारे ६६७ मीटरने चुकते. एवढ्या अंतरात एक गाव संपून दुसऱ्याची शीव लागू शकते. शिवाय जीपीएसमधील आठवड्यांची मूळ गणना १०२४ आठवड्यांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. या बदलाची तजवीज नसलेल्या जुन्या साधनांतील तारीख जवळजवळ वीस वर्षांनी मागे जाऊ शकते. म्हणून केवळ एकाच रकान्यातील तारखेवर विसंबू नये.

*६.३ आकाश किती दिसत होते?* स्थान निश्चित करण्यासाठी चार उपग्रहांचे संकेत आवश्यक असतात. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा क्षीण संकेत खडकातून आत येत नाही. महाराष्ट्रातील शैलगृहांच्या बाबतीत ही मर्यादा फार महत्त्वाची आहे. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती दरीत आहेत. एका बाजूस उभा कडा असल्याने अर्धे आकाश झाकले जाते आणि कड्यावर आदळून परतलेल्या संकेतांमुळे स्थान सरकते. लेण्याच्या आत गेल्यावर संकेत तुटतो. अशा वेळी काही साधने नोंद करणे थांबवितात, तर काही शेवटचे ज्ञात स्थान धरून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात लेण्यातील प्रत्येक चित्रावर दारातलाच एक मुक्काम पडत राहतो. वेरूळच्या तीन ताल लेण्यासारख्या तीन मजली वास्तूत तर अक्षांश-रेखांश मजला सांगूच शकत नाहीत, आणि जीपीएसने दिलेली उंची आडव्या स्थानापेक्षा अधिक चुकते. म्हणून ‘लेणे क्रमांक, मजला, भिंत’ ही जुनी लेखी रीत येथे आजही अपरिहार्य आहे.

*६.४ अचूकतेचा आभास.* सहा दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला अक्षांश सुमारे ११ सेंटीमीटरपर्यंतची सूक्ष्मता सूचित करतो. साध्या साधनाची अचूकता मात्र काही मीटरांची असते. अक्षांशातील एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, हे लक्षात ठेवले तर आकड्यांच्या लांबीने दिपून जाण्याचे कारण उरत नाही. तसेच जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा भूमापन-आधार वापरते, तर भारतीय सर्वेक्षणाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत. नागरी वापरासाठी डब्ल्यूजीएस-८४ वर आधारलेल्या नकाशांचे धोरण २००५ मध्ये स्वीकारले गेले. जुन्या नकाशावर आजचे आकडे जसेच्या तसे मांडल्यास शंभर मीटरच्या घरातील फरक पडू शकतो. एखादे लहान देऊळ ओढ्याच्या पलीकडे जाण्यास एवढा फरक पुरेसा आहे.

*६.५ नोंद मूळची आहे काय?* एक्झिफमधील मजकूर बदलता येतो आणि पुसताही येतो. त्यासाठी विनामूल्य प्रणाली सहज मिळतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने फोटो म्हणून पाठविलेल्या छायाचित्रातील स्थळनोंद गळून पडते, कारण तेथे चित्राची नवी, लहान प्रत तयार होते. अशा प्रतीत जिओटॅग नाही याचा अर्थ मूळ छायाचित्रात तो नव्हता असा होत नाही. आणि प्रतीत तो आहे एवढ्यावरून तो मूळचाच आहे असेही सिद्ध होत नाही. अस्सल आणि नक्कल हा भेद मोडी कागदांप्रमाणे येथेही पाळावा लागतो.

७. जिओटॅगचे खरे सामर्थ्य

वरील मर्यादा लक्षात घेऊनही जिओटॅगचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. नावे बदलतात, हद्दी बदलतात; पृथ्वीवरील बिंदू त्यामानाने स्थिर राहतो. गिल यांनी अजिंठ्याची छायाचित्रे घेतली तेव्हा ती लेणी निजामाच्या राज्यात होती. १९५६ मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर झाले. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा-तालुक्यानुसार लावलेला कोणताही संग्रह अशा प्रत्येक बदलाबरोबर जुना होतो. सुमारे २० अंश ३३ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश ४२ मिनिटे पूर्व ही अजिंठ्याची खूण मात्र या सर्व काळात तीच राहिली आहे.

याहून बोलके उदाहरण धरणाखाली गेलेल्या गावांचे आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गेले आणि गावकऱ्यांनी त्याच नावाने नवे गाव वसविले. जलाशयाची पातळी फार खाली गेली की जुन्या गावातील पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहावयास जातात. अशा वेळी घेतलेल्या छायाचित्राखाली नुसते ‘पळसदेव’ असे लिहिले तर ते जुने की नवे, असा प्रश्न पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला पडणारच. जिओटॅग मात्र पाण्याखालच्या जुन्या गावाकडेच बोट दाखवील. पुढल्या वर्षी पाणी चढल्यावर त्या बिंदूवर नकाशात केवळ निळा रंग दिसेल. तरी तेथे एक गाव नांदत होते, हे छायाचित्र आणि आकडे मिळून सांगतील. ज्यांची शेते, घरे आणि दैवते पाण्याखाली गेली त्यांच्यासाठी ही नोंद तांत्रिक सोयीपुरती उरत नाही. तो त्यांच्या गावाच्या अस्तित्वाचा पुरावा असतो.

म्हणूनच टिपण आणि जिओटॅग हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. टिपण नाव सांगते, पण जागा हरवू शकते. जिओटॅग जागा सांगतो, पण नाव सांगू शकत नाही.

८. जोडसाधनाचा अस्त आणि जिओटॅगचा प्रशासकीय प्रसार

जोडसाधनांचा बहराचा काळ अल्प ठरला. २००८ मध्येच जीपीएसयुक्त आयफोन आला, पुढे स्मार्टफोनमध्ये ही सोय सर्रास झाली आणि कॅननच्या ६डी (२०१२) सारख्या कॅमेऱ्यांत जीपीएस आतच बसविले गेले. २०१६ पासून निकॉनने मोबाइलकडून ब्लूटूथद्वारे कॅमेऱ्याला स्थान पुरविण्याची सोय आणली. एका अर्थाने मोबाइल हाच कॅमेऱ्याचे जोडसाधन बनला.

याच सुमारास जिओटॅग छंदाच्या क्षेत्रातून प्रशासनात आला. ग्रामीण रोजगार हमी योजनेतील कामांचे जिओटॅगिंग २०१६ मध्ये सुरू झाले. ग्रामीण घरकुल योजनेत बांधकामाच्या टप्प्यांची जिओटॅगयुक्त छायाचित्रे घेतली जाऊ लागली. उच्च शिक्षणात नॅकच्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन चौकटीनंतर महाविद्यालयांकडून सोयीसुविधांची आणि उपक्रमांची जिओटॅग छायाचित्रे मागविली जाऊ लागली. त्यातून चित्राच्या तळाशी नकाशा, पत्ता आणि अक्षांश-रेखांश छापणारी मोबाइल ॲप महाविद्यालयांत परिचित झाली.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. चित्रावर छापलेली पट्टी आणि फाइलमधील एक्झिफ नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी हा चित्राचाच भाग असल्याने ती व्हॉट्सॲपवरून गेली तरी टिकते आणि छापील प्रतीतही दिसते, हा तिचा गुण. परंतु ती चित्राचा काही भाग कायमचा झाकते, आणि तिच्यातील पत्ता हा नकाशाच्या साठ्यावरून काढलेला अंदाज असतो. विशेष म्हणजे वृक्षारोपण, व्याख्यान आणि क्रीडास्पर्धा हे तिन्ही एकाच आवारात झाले तर तिन्हींचे अक्षांश-रेखांश जवळजवळ सारखेच येतात. कार्यक्रम कोणता, वक्ता कोण, उपस्थित कोण, हे त्या आकड्यांतून कधीच कळणार नाही. अहवालाची पूर्तता होईल. इतिहासाची होणार नाही.

स्थळनोंदीची दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे. डिसेंबर २०१२ मध्ये भूमिगत असलेले संगणक-उद्योजक जॉन मॅकाफी यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्यातील जीपीएस नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. संशोधनाच्या क्षेत्रातही हा विवेक आवश्यक आहे. रानात उघड्यावर पडलेले शिल्प किंवा दुर्मीळ पक्ष्याचे घरटे यांचे नेमके आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध करणे म्हणजे चोराला वाट दाखविणे ठरू शकते. मूळ नोंद जतन करावी, प्रसिद्ध प्रतीतून ती वगळावी, हा मध्यममार्ग होय.

९. निष्कर्ष

१. कॅमेऱ्याच्या जीपीएस जोडसाधनाने छायाचित्र आणि स्थळ यांतील दुवा माणसाच्या टिपणवहीतून थेट फाइलमध्ये आणला. २००० मधील नागरी संकेताची शुद्धता आणि एक्झिफ मानक यांमुळे हे शक्य झाले.

२. जिओटॅग कॅमेऱ्याचे स्थान सांगतो. चित्रविषयाची ओळख, दिशा आणि संदर्भ यांसाठी लेखी टिपण आवश्यकच राहते.

३. प्रत्यक्ष जोडणीतील चूक प्रामुख्याने संकेताच्या अभावातून, तर अप्रत्यक्ष जुळणीतील चूक घड्याळातून उद्भवते. म्हणून कोणते साधन वापरले याची नोंद छायाचित्रासोबत ठेवणे इष्ट आहे.

४. लेणी, दऱ्या आणि बहुमजली वास्तू यांत जिओटॅग अपुरा पडतो. नामांतर, विभाजन आणि विस्थापन झालेल्या स्थळांच्या बाबतीत तो अत्यंत उपयुक्त ठरतो.

५. महाविद्यालयांनी जिओटॅग छायाचित्रांच्या मूळ फाइली व्हॉट्सॲपवरील प्रतींपासून वेगळ्या जपाव्यात आणि प्रत्येक छायाचित्रासोबत विषय, दिनांक, छायाचित्रकार आणि प्रसंग यांची दोन ओळींची नोंद ठेवावी. मूल्यांकनासाठी जमविलेली हीच सामग्री उद्या त्या महाविद्यालयाच्या आणि परिसराच्या इतिहासाचे साधन ठरणार आहे.

जुन्या पत्रलेखकाने मुक्काम लिहिला आणि मजकूरही लिहिला. म्हणून त्याचे पत्र आज बोलते. आजच्या छायाचित्राचा मुक्काम यंत्र लिहून देते. मजकूर लिहिण्याची जबाबदारी मात्र अद्याप माणसाचीच आहे.